पोटखराबा

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर 'पोटखराबा' नावाचा एक रकाना असतो. जिथं नांगर चालत नाही, पेरलं तर उगवत नाही, सरकारही ज्याचा सारा मागत नाही, अशी शेताच्या पोटातली जागा त्यात लिहितात. आमच्या जमिनीतली दोन एकरांच्या वर जागा त्या रकान्यात होती. लहानपणी मला वाटायचं, आपल्या शेताचं पोट बिघडलेलं आहे. एकदा आबांना, म्हणजे आजोबांना, मी विचारलंही. ते हसले नाहीत. म्हणाले, "खराब कशानं? तिथंच तर ती बसती."

ती म्हणजे माळढोकाची मादी.

सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याला लागलं की वीसेक किलोमीटरवर नान्नज येतं. त्याच्या शिवेला लागून आमचं गाव. आता तिथून जाणाऱ्याला द्राक्षाचे मांडव, शेततळी, शेडनेट आणि मधे मधे वनखात्याची कुंपणं दिसतील. मी सांगतोय तो माळ यातल्या कशाचाच नव्हता. वीतभर मातीखाली मुरूम, मुरमाखाली खडक. आठ महिने सगळं पिवळं. मृगाचा पाऊस पडला की दहा दिवसांत त्या मुरमातून पवन्या, मारवेल, कुसळी असं गवत वर यायचं आणि दिवाळीपर्यंत गुडघ्याला लागायचं. झाड म्हणावं असं काही नाही. एखादी बोर, एखादी बाभळ. नजर अडेल असं काहीच नसायचं. शहरातून आलेल्या पाहुण्यांना तिथं कंटाळा यायचा. "इथं बघायचं काय?" असं ते विचारत, आणि आम्हालाही उत्तर सुचत नसे, कारण आम्हाला तिथं काहीतरी बघायचं असतं हेच माहीत नव्हतं. मेंढरं चारायला जावं, बोरं खावीत, संध्याकाळी खोकडाची पिल्लं बिळातून तोंड काढताना दिसली तर दगड न मारता उभं राहावं, इतकंच.

आबांनी मला ते अंडं दाखवलं तेव्हा मी दहा वर्षांचा असेन. श्रावण होता. पुढं मेंढरं, मागं आम्ही. एकाएकी त्यांनी काठी आडवी धरली. "गप. हालू नगं." पन्नासेक पावलांवर गवतातून एक मान वर आली, करड्या रंगाची, लांब. इकडंतिकडं बघितलं आणि ती मोठी पाखरीण उठून चालायला लागली. पळाली नाही, उडाली नाही. सासुरवाशीण वडीलधाऱ्यांसमोरून जाते तशी, खाली मान घालून पण घाई न करता, बाजूला झाली. आबांनी मेंढरं वळवली आणि मला लांबूनच बोटानं दाखवलं. उघड्या जमिनीवर, ना काडी ना कापूस, एक अंडं. शेवाळी-तपकिरी, वर डाग. डोळे बारीक करूनही मला ते आधी दगडच वाटलं.

"एकच?"

"एकच असतंय तिचं. म्हणून तर जपायचं."

पुढचे तीनचार आठवडे आमची मेंढरं त्या तुकड्याकडं गेली नाहीत. माळढोक एका विणीला बहुधा एकच अंडं घालते, ते जवळजवळ सत्तावीस दिवस एकटी उबवते आणि नर त्यात काहीच मदत करत नाही, हे मी पुढं पुस्तकात वाचलं. आबा शाळेत गेले नव्हते. पण कुठला तुकडा कधी सोडायचा याचं वेळापत्रक त्यांच्याकडं होतं. धनगरांच्या वाड्यालाही ते सांगून ठेवत: अमक्या बोरीच्या खालच्या अंगाला जाऊ नका. धनगर ऐकायचे. कुठं लिहिलेलं नव्हतं, कुणी दंड करणार नव्हतं. अंडं कोल्ह्यानं खाल्लं तर आबा दोन दिवस गप्प असायचे, एवढाच त्या कायद्याचा दंड.

नराचा थाट वेगळा. तो मीटरभर उंच, वजनाला बारा-पंधरा किलोपर्यंत. डोक्याला काळी टोपी, मान आणि पोट धुतल्या धोतरासारखं पांढरं, छातीवर काळा पट्टा आणि पाठीवर तपकिरी घोंगडं. आबा त्याला 'माळाचा पाटील' म्हणत. पावसाळ्यात तो उंचवट्यावर येऊन उभा राही, शेपूट पाठीवर उलटी टाकी आणि गळ्याची पांढरी पिशवी फुगवत फुगवत पार पायांपर्यंत लोंबती ठेवी. मग आवाज. पोकळ रांजणात तोंड घालून कुणी 'हूम' म्हणावं तसा. अर्धा किलोमीटर तो ऐकू जायचा, पण कानाला कमी आणि छातीला जास्त. आमच्याकडची जुनी माणसं त्या पक्ष्यालाच हूम म्हणायची. पहाटे अंथरुणात असताना तो आवाज आला की आजी चुलीपाशी म्हणायची, "उठला बाई पाटील." तिच्या लेखी कोंबडा आणि हूम यांत फारसा फरक नव्हता, दोघंही दिवस सुरू करत.

या साध्या गोष्टीत काही विशेष आहे, हे आम्हाला बाहेरच्यांनी सांगितलं. १९७२चा दुष्काळ चालू होता, माणसं खडी फोडायला जात होती, आणि त्याच सुमाराला सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नजच्या माळावर माळढोक आहेत ही गोष्ट जगापुढं आणली. १९७९ साली अभयारण्य जाहीर झालं. मग मुंबईहून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची माणसं आली, असद रहमानींसारखे अभ्यासक महिनोन्महिने या मुलखात राहून पक्ष्यांच्या नोंदी करू लागले. आबांना त्यांचं भारी नवल. "शिकलेली माणसं, दिवसभर उन्हात बसून पाखरू कवा काय खातंय ते लिवत्यात." पण एकानं दुर्बीण डोळ्याला लावायला दिली, तेव्हा आबांनी ती बराच वेळ परत केली नाही. नंतर म्हणाले, "डोळ्याच्या पापण्याबी दिसत्यात रं." चाळीस वर्षं पाहिलेल्या पाखराच्या पापण्या त्यांनी त्या दिवशी प्रथम पाहिल्या.

आता माझ्या शाळेची गोष्ट सांगायलाच हवी. ती मी फार कमी वेळा सांगितली आहे. मी सातवीत असताना पावसाळ्यात वृक्षारोपण सप्ताह झाला. 'झाडे लावा, झाडे जगवा' असं लिहिलेला फलक घेऊन आमची दिंडी निघाली, झांजा वाजवत. आमच्या वर्गाला खड्डे दिले होते माळावर. उघडाबोडका माळ हिरवा करायचा, असं भाषण झालं. आम्ही गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावली. मी एकट्यानं सव्वीस रोपं लावली आणि मला प्रमाणपत्र मिळालं. ते घेऊन मी धावत घरी गेलो. आबांनी ते उलटसुलट करून पाहिलं, वाचता येत नव्हतं तरी. "कुठं लावली?" मी जागा सांगितली. ते म्हणाले, "मग पाटील कुठं उभा राहील?"

मला प्रश्न कळला नाही. आता कळतो. माळढोकाला लांबचं दिसावं लागतं. आडोसा म्हणजे त्याच्या लेखी लांडगा लपायची जागा. नराला उंचवट्यावरून मादीला दिसावं लागतं. तिथं झाडांची भिंत उभी केली की तो जागा सोडतो. पण आमच्या गुरुजींना, त्यांच्या वरच्या साहेबांना, दिल्लीत पडीक जमिनींचे नकाशे रंगवणाऱ्यांना, सगळ्यांनाच गवताळ माळ म्हणजे राहून गेलेलं जंगल वाटत होतं. अजूनही वाटतं. २०१९ साली राज्यात तेहतीस कोटी झाडं लावायचा संकल्प झाला, तेव्हा मला त्यातल्या किती खड्ड्यांखाली माळ गेला असेल हाच प्रश्न पडला होता. नान्नजला तर वनखात्यानंच गिरिपुष्पाची झाडं काढायला घेतली. माझ्या सव्वीस रोपांतली किती जगली होती कोण जाणे. लहानपणी त्यांना मी पाणी घातलं होतं. ती मरावीत असं त्या वयात कसं वाटेल?

पण झाडांवर सगळं ढकललं तर तेही खोटं होईल.

अभयारण्य जाहीर झालं ते ८,४९६ चौरस किलोमीटरचं. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतले तालुकेच्या तालुके त्यात गेले: गावं, बाजारपेठा, एसटी स्टँडं, उसाचे फड. कागदावर माळढोकाएवढा मोठा जमीनदार महाराष्ट्रात दुसरा नसेल. प्रत्यक्षात त्याच्याजवळ होते वनखात्याचे सुटे सुटे तुकडे आणि आमच्यासारख्यांचे पोटखराबे. आणि माणसांच्या वाट्याला आले अडथळे. जमीन विकायची तर अडचण, काही उभारायचं तर परवानगी. आमच्या बाबांनी आत्याच्या लग्नासाठी एक तुकडा विकायला काढला, तेव्हा दीड वर्ष ते एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरले. व्यवहार मोडला तो मोडलाच. त्या दिवशी जेवताना बाबा म्हणाले, "पाखरू मोठं का माणूस?" आबांनी ताटातून हात काढून घेतला. उत्तर दिलं नाही. माझ्या घरात माळढोकाची बाजू घेणारा एकच माणूस होता, आणि त्यालाही त्या रात्री बोलता आलं नाही.

त्यानंतर गावात माळढोकाचं नाव शिवीसारखं घेतलं जाऊ लागलं. ज्या धनगरांनी अंडी सांभाळली त्यांचीच पोरं "असला कसला माळढोक, आम्हालाच ढोसतोय" म्हणू लागली. पुढं कोर्टकचेऱ्या होऊन अभयारण्य बाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणलं गेलं. तेव्हा गावोगाव लोकांना हायसं वाटलं, आणि मी त्यांना दोष देणार नाही. पण संरक्षणाच्या नावानं ज्या माणसांकडं ते पाखरू शतकानुशतकं बिनबोभाट राहत होतं त्यांनाच त्याच्या विरोधात उभं करायचं, यापेक्षा महाग चूक मला माहीत नाही.

आणि मग द्राक्षं आली. आमच्या नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी 'सोनाका' ही लांब मण्याची जात काढली, ती देशभर गेली. या मातीतल्या माणसानं काढलेलं वाण म्हणून आम्हाला अभिमान वाटला आणि आजही वाटतो. एकाच शिवारानं जगाला दोन गोष्टी दाखवल्या, सोनाका आणि माळढोक; दोन्ही एकत्र नांदू शकल्या नाहीत, एवढंच. बोअर पाचशे फुटांपर्यंत गेले, ठिबक आलं, लोखंडी अँगल आणि तारांचे मांडव आले. मी पुण्यात शिकत होतो त्या वर्षी आबा गेले. वर्षश्राद्धाच्या आधी बाबांनी पोटखराब्यावर बुलडोझर घातला. मुरूम फोडला, तळ्यातला गाळ आणून पसरला आणि बाग लावली. मी सुट्टीला आलो तेव्हा बोरीची जागा सापडेना. मी काही बोललो नाही. माझ्या वसतिगृहाचे पैसे त्या बागेतून यायचे होते.

वीस वर्षांपूर्वीचा तो प्रसंग मी माझ्या मुलीला सांगितला तेव्हा तिनं विचारलं, "मग तू बाबाआजोबांना थांबवलं का नाहीस?" ती पुण्यात वाढलेली आहे. तिला पोटखराबा या शब्दाचा अर्थ सांगायला लागतो.

नान्नजला मी शेवटचा माळढोक पाहिला तो वनखात्याच्या कुंपणाच्या आत. २००९ असेल. नर होता. उंचवट्यावर आला, शेपूट उलटवली, पिशवी फुगवली. आवाज केला. आम्ही चौघं गाडीच्या आडून बघत होतो. दीड तास तो थांबून थांबून आवाज करत राहिला आणि चहूकडं बघत राहिला. मादी आली नाही. त्या तुकड्यात तेव्हा मादी होती की नव्हती, मला माहीत नाही. शेवटी त्यानं पिशवी आवरली, पिसं झटकली आणि गवतात उतरून गेला. गावच्या बैठकीला कुणीच आलं नाही म्हणून पाटलानं चावडीवरून उठून घरी जावं, तसा.

हा ऱ्हास काही आपल्याच पिढीनं सुरू केला नाही, हे बरं वाटावं म्हणून सांगत नाही. पण रॉबर्ट मॅन्सफिल्ड नावाच्या एका साहेबाची नोंद आहे: १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत त्यानं नगरच्या मुलखात ९६१ माळढोक मारले. एका माणसानं, एका जिल्ह्यात. १९६९ मध्ये सगळ्या देशात मिळून उरलेत म्हणून जो अंदाज केला गेला तो १,२६०च्या आसपास होता. आज रानात उरलेले दीडशेच्या आसपास सांगतात, आणि त्यातले बहुतेक सगळे राजस्थानात. आमच्या भागात एखादा दिसला तर बातमी होते. मध्य प्रदेशातलं करेरा रिकामं झालं, आंध्रातलं रोल्लापाडूही गेलं. कच्छमध्ये काही माद्याच उरल्या, नर नाही. राष्ट्रीय पक्षी निवडताना सलीम अलींनी माळढोकाचा आग्रह धरला होता, पण इंग्रजी नावाचं स्पेलिंग चुकलं तर शिवी होईल या भीतीनं तो मागं पडला, असा किस्सा पक्षिनिरीक्षक हसत सांगतात. १९६३ साली मोर निवडला गेला. मी तो किस्सा पुष्कळदा ऐकला. अलीकडं हसू येत नाही.

जैसलमेरला मी गेलो ते काहीशा हट्टानं. तिथं त्याला गोडावण म्हणतात, तो राज्यपक्षी आहे. डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये सुदासरीच्या कुंपणाबाहेरून, सेवण गवताच्या पलीकडं, तीन ठिपके दिसले. दुर्बिणीत ते ठिपके माळढोक झाले. एकीनं मान वर केली आणि खाली मान घालून, घाई न करता, बाजूला झाली. मला एकदम श्रावण आठवला. जीपवाल्याला माझ्या तोंडाकडं बघून काय वाटलं असेल ते असो, त्यानं न विचारता गाडी बंद केली.

परतताना मात्र क्षितिज दिसेना, खांब दिसले. पवनचक्क्या, सौरऊर्जेची शेतं आणि त्यांची वीज वाहून नेणाऱ्या तारांवर तारा. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूला. समोरचं त्याला नीट दिसत नाही. अंग जड, ऐनवेळी वळता येत नाही. तारेला धडकला की संपला. थरमध्ये वर्षाला अठराएक माळढोक असे जात असावेत, असा भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज होता. ज्या जातीची मादी एकच अंडं घालते तिला हा हिशेब परवडणारा नाही. या तारांविरुद्ध वन्यजीवप्रेमी एम. के. रणजितसिंह सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल २०२१ मध्ये तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश झाला. मार्च २०२४ मध्ये न्यायालयानं तो शिथिल केला आणि समिती नेमली, कारण स्वच्छ विजेचाही प्रश्न होता. तो खोटा प्रश्न नव्हे. पण सूर्यप्रकाश आणि वारा यांसाठी जागा शोधताना पुन्हा सगळ्यांची नजर गेली ती 'पडीक' जमिनीवरच.

२०१९ पासून राजस्थानात सम आणि मग रामदेवरा इथं अंडी उबवून पिल्लं वाढवली जातात. माळावरचं अंडं हळूच उचलून उबवणी यंत्रात ठेवायचं, पिल्लाला हातानं भरवायचं. २०२४ च्या सप्टेंबरात एक गोष्ट झाली, ती वाचताना मी चहा गार होऊ दिला. रामदेवऱ्याचा सुदा नावाचा नर. त्याला बनावट मादीची सवय लावून त्याचं वीर्य घेतलं, ते दोनशेएक किलोमीटरवर समला नेलं आणि टोनी नावाच्या मादीला कृत्रिम रेतन केलं. चोवीस तारखेला तिनं अंडं घातलं, १६ ऑक्टोबरला पिल्लू बाहेर आलं. त्या वर्षाअखेर अशा केंद्रांत चाळीसहून अधिक पक्षी होते. ज्यांनी हे केलं त्यांच्या चिकाटीपुढं मी हात जोडतो. गायीम्हशींचं रेतन आमच्या गोठ्यात आबांच्या डोळ्यांदेखत झालेलं आहे, पण पाटलाचं? त्यांनी ऐकलं असतं तर तोंडातलं पान थुंकून म्हणाले असते, "जगतंय न्हवं? मग चालू द्या." आणि मग एवढंच विचारलं असतं की सोडणार कुठं?

गेल्या बुद्धपौर्णिमेला मी नान्नजला मचाणावर बसलो होतो, पाणवठ्यावरच्या प्राणिगणनेसाठी. माळढोकाचं पाण्यावाचून फारसं अडत नाही, रात्री तर तो येणारच नाही, हे ठाऊक होतं. तरी गेलो. रात्रभर चांदणं पिठासारखं पडलं होतं. काळवीट आले, एक खोकड आलं, पहाटेच्या आधी लांडग्यांची जोडी आली आणि पाणी पिऊन निघूनही गेली. मी प्रत्येकाची वेळ लिहिली. उजाडायच्या सुमाराला सोबतचा पोरगा पेंगत होता. मी कान देऊन बसलो. महिना वैशाख, हूमची वेळही नव्हती. लांबून मोटारीचा पंप सुरू झाल्याचा आवाज आला. तक्त्यातल्या माळढोकाच्या रकान्यात शून्य लिहायचं की रेघ ओढायची, हे त्या पोरानं मला विचारलं. मी म्हटलं, रेघ ओढ.

तिथून मी गावी गेलो. दोन वर्षांपूर्वी बोअर आटला आणि औषधांचा खर्च झेपेना, तेव्हा भावानं बाग काढून टाकली. मांडवाच्या तारा भंगारवाल्यानं नेल्या. आबांच्या बोरीच्या जागेच्या अंदाजानं मी आत शिरलो. दोन पावसाळ्यांत तिथं गवत उभं राहिलं होतं, मारवेल, कुसळी, मधे मधे गाजरगवतही. वाळलेलं, उन्हात हलणारं. एक चंडोल वर चढत होता. बांधावर परत आलो तेव्हा पँटच्या पायांना घोट्यापासून गुडघ्यापर्यंत कुसळं रुतली होती. बसून एकेक काढू लागलो.

भाऊ म्हणाला, "दादा, पाऊस तोंडावर आलाय. ह्या तुकड्याचं काय करायचं यंदा? तूर टाकावी का?"

"राहू दे की."

"राहू दे म्हणजे? पडीक?"

मी कुसळ काढत राहिलो. ती सरळ निघत नाहीत. उलट्या बाजूनं, फिरवून काढावी लागतात.